माझ्या पोरीची बातमी, तर्री मारके

रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोह्याची प्लेट हातात आली, पहिला घास तोंडात टाकला आणि मागून आवाज, "अभिनंदन भाऊ! पोरीची आनमेल्डुंग झाली नं!" तर्री नाकात गेली. बोलणारे कोण, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. पोरगी माझी, जर्मनीत लायप्झिगला एमएस करायला गेली ती माझ्या खर्चानं, आणि तिथं तिच्या पत्त्याची सरकारी नोंदणी झाली हे मला पोह्याच्या ठेल्यावर चार लोकांसमोर कळतंय. तरी मी माहीत असल्यासारखं "हो हो" केलं, पण काकांनी तेही पचू दिलं नाही. "तुमाले सांगितलं नाही का तिनं? मले तं रात्रीच फोन आल्ता."

फोन. त्यांना. मी करतो तेव्हा "बाबा लेक्चरमध्ये आहे", नाहीतर "बाबा ट्राममध्ये आहे, इथं कोणी मोठ्यानं बोलत नाही".

तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून पोहे खाणाऱ्या एका अनोळखी माणसानं विचारलं, काका, हे काय असते? झालं. काकांनी प्लेट ठेल्यावर ठेवली. "तिकडं नवीन घरी राहाले गेलं का दोन आठवड्यात ऑफिसात सांगा लागते, मी आता इथं राहून रायलो म्हणून. घरमालकाच्या सहीचा कागद लागते. अन् त्या ऑफिसची अपॉइंटमेंटच भेटत नाही."

"मंग नगरसेवकाचं पत्र नाही चालत का?"

"नाही चालत."

"आमदाराचं?"

काका खरोखर विचारात पडले. "आमदाराचंबी नाही."

"कायचा देश आहे मंग बाप्पा!" असं म्हणून त्या माणसानं आणखी तर्री मागितली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच पोरीला वाऱ्यावर सोडून दिलंय.

आता काकांना एवढं कसं माहीत? काका टपाल खात्यातून रिटायर. पोरीची पत्रं तिकडं परत जात होती, बँकेचं, इन्शुरन्सचं, सगळं. जर्मनीत अजून बरंच काही कागदावरच येतं, नोंदणीनंतर टॅक्सचा नंबर येतो तोही पोस्टानं. हिनं कंटाळून सोसायटीच्या ग्रुपवर रडका इमोजी टाकला, मी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला, आणि काकांनी थेट फोन लावला. "पेटीवर नाव लिहिलं का? नाही? मंग पोस्टमन काय करन बिचारा?" तिकडं फ्लॅट नंबरवर काही चालत नाही, पेटीवर आणि बेलवर आडनाव नसेल तर पत्र परत. बस, त्या दिवसापासून काका तिचे परराष्ट्रमंत्री. कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात (पॅकिंग पिवळ्यात, कागद निळ्यात), काचेच्या बाटल्या रविवारी टाकायला जायचं नाही कारण आवाज होतो, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीमागं 25 सेंट परत मिळतात, सगळं काकांना पाठ. आपल्या इथं कबाडीवाला दारात येऊन मोजून देतो तेव्हा यातलं कोणाला कौतुक नव्हतं हो.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? नसतं, कबूल, पण विचारावं तरी. व्हिसासाठी 11,904 युरो ब्लॉक अकाउंटमध्ये कोणी टाकले? त्यातले महिन्याला 992 सुटतात ते कोणाच्या एफडीतले? एफडी मोडताना बँकेत काका आले नव्हते सोबत. म्हणजे पैसे भरायला बाप आणि "आज भात करपला, हसू नका हं" सांगायला वरच्या मजल्यावरचे. हे चूक आहे. भात करपल्याचंही मला काकांकडूनच कळलं, लिफ्टमध्ये.

बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "जाऊ द्या नं, बोलून तं रायली कोणाशी." आणि त्याच दमात, "काकांना विचारा, ती बारीक झाली का."

कोणीतरी ओळखीचं दिवाळीआधी जर्मनीला चाललंय, म्हणून मी हौसेनं दोन किलो संत्रा बर्फी आणली. म्हटलं, हे तरी खातं आपलं. काका वास घेतच खाली आले. डबा उघडून पाहिला. "भाऊ, याच्यात खवा आहे. दुधाचं काही बाहेरून नेता येत नाही तिकडं, मटण अन् दुधाले बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतीन. चिवडा पाठवा." मी फोनवर शोधलं, मनापासून वाटत होतं की खोटं निघावं. खरं निघालं.

"मंग आता याचं काय करता?" काकांनी विचारलं आणि बायकोनं त्यांच्यापुढं बशी ठेवली. चौथा तुकडा उचलताना म्हणतात, "अन् हो, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं होऊन रायली. साडेतीनचा फरक साडेचारचा होते. तुम्ही नऊले फोन करता नं? आता दहाले करत जा. तिनंच सांगाले लावलं."