सामायिक कुरणांविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘जंगल, कुरण, पाणी अनेकांच्या निर्णयावर सोडले की उजाड होतेच, हे १९६८ मध्ये सिद्ध झाले आहे,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्या वर्षी अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडले ते सामायिक कुरणाचे वैचारिक उदाहरण होते, प्रत्यक्ष पाहणी नव्हे. शिवाय त्यातले कुरण कोणताही नियम नसलेले होते, आणि नियम नसलेले कुरण व वापरणाऱ्यांनीच नियम केलेले कुरण यांतला हा महत्त्वाचा भेद संदेशात गाळला आहे. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील नोंदी तपासून दाखवले की, वापरणारेच नियम ठरवून देखरेख करतात तेथे अशी संपत्ती शतकानुशतके टिकू शकते. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावात हिवाळ्यात पोसता येतील तेवढ्याच गाई उन्हाळी कुरणावर पाठवण्याचा नियम १५१७ मध्येच नोंदलेला आहे. सर्वत्र हे साधते असे नाही. शासनाने स्थानिकांचा नियम करण्याचा हक्क नाकारला, तर व्यवस्था कोलमडू शकते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.