मीटिंग दर आठवड्यालाच हवी

पुण्यातल्या आमच्या रोटरी क्लबात सध्या एका ठरावावरून बरीच चर्चा चालू आहे. 1 जुलैला नवं रोटरी वर्ष सुरू होतं. तेव्हापासून दर आठवड्याची मीटिंग बंद करून महिन्यातून दोनदाच भेटावं, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. नियमात बसतं ते. 2016 साली रोटरीच्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनने, म्हणजे नियम ठरवणाऱ्या परिषदेने, क्लबांना तशी मुभा दिली आहे. ठराव मांडणारे माझे जिवाभावाचे सहकारी आहेत, शिबिराच्या दिवशी सगळ्यात आधी येऊन सतरंज्या घालणारे आणि सगळे गेल्यावर त्या उचलणारे. तरीही मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या क्लबाचा नाही. लायन्स असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की सोसायटीतलं महिला मंडळ, सगळीकडे आज हेच ऐकू येतं की भेटायला वेळ नाही, ग्रुपवर टाका.

‘मीटिंगमध्ये जाणारा वेळ प्रत्यक्ष कामाला द्यावा’ हा त्यांचा मुख्य मुद्दा. ऐकायला रास्त वाटतो. पण आपण ज्याला काम म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे एकदा गेलो तिथे पुन्हा जाणं, आणि ते पुन्हा जाणं मीटिंगमधूनच घडतं, असा माझा अनुभव आहे.

वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या क्लबाने हात धुण्यासाठी नळांची रांग बांधून दिली. नारळ फुटला, मुलांनी गाणं म्हटलं, छान कार्यक्रम झाला. काही आठवड्यांनी मीटिंगच्या आधी चहा घेताना आमचा एक तरुण सभासद सहज म्हणाला, “राजगडाला जाताना शाळेत डोकावलो होतो. पहिलीतल्या पोरांचा हात नळाला पुरत नाही. चवड्यांवर उभी राहून नळाला लोंबकळतात, दोन नळ त्यातच तुटलेत.” गवंड्याने नेहमीच्या सवयीने मोठ्या माणसांच्या उंचीवर नळ बसवले होते. शेजारी आमचे हार्डवेअरचं दुकान असलेले काका बसले होते. ते म्हणाले, प्लास्टिकचे काढा, पितळी नळ मी देतो, आणि खाली एक पायरी बांधून घेऊ. तेवढ्यात आमची सिव्हिल इंजिनिअर मैत्रीण म्हणाली, “काका, पायरीवर पाणी साठलं तर पोरं घसरून पडतील. आधी सांडपाणी बाजूला काढून शोषखड्डा करा, मग पायरी, आणि तिला गुळगुळीत फरशी नको.” अध्यक्षांनी मीटिंग सुरू करायची घंटा वाजवायच्या आत रविवारी कोण जाणार हेही ठरलं होतं.

हे ग्रुपवर झालं नसतं. त्या मुलाने ते ग्रुपवर टाकलंच नसतं, कारण त्याच्या लेखी ती बातमी नव्हती, चहाबरोबर निघालेली गोष्ट होती. आणि टाकलं असतं तरी हार्डवेअरवाले काका आणि इंजिनिअर ताई एकाच क्षणी एकमेकांचं बोलणं ऐकत बसलेले नसते. रोटरीत वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं मुद्दाम घेतात, ती याचसाठी. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस यांनी पहिली बैठक घेतली तेव्हा चारच जण होते: एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे. शहरासाठी त्यांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम 1907 मधलं, शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून. म्हणजे आधी ही माणसं एकमेकांना भेटत राहिली आणि कामाचा विषय त्या भेटींतून निघाला. (स्वच्छतागृहाचा विषय वाचला की मला लक्ष्मी रोडवर खरेदीला आलेल्या बायका आठवतात. तो विषय आपल्याकडे अजून संपलेला नाही. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

रक्तदानाचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. आपल्याकडे 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची गर्दी होते. पण लाल पेशी 35 ते 42 दिवसच टिकतात, बाटलीत कोणतं द्रावण वापरलं आहे त्यावर ते ठरतं. प्लेटलेट्स तर जेमतेम 5 दिवस. ऑगस्टमध्ये कितीही रक्त गोळा केलं तरी दिवाळीत त्याचा उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, म्हणून तुटवडा. आणि दुसरीकडे थॅलेसेमियाचं (रक्ताच्या जन्मजात आजाराचं) मूल असतं, ज्याला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, सण असो की परीक्षा. रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी हे सगळं आमच्या साप्ताहिक सभेत वक्ते म्हणून येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षभर छोटी छोटी शिबिरं घ्यायला लागलो. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. मग कोणाची पाळी कधी, कोणाचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आल्यामुळे मागच्या वेळी परत पाठवलं, तिला आता विचारायचं का, हा हिशोब दर आठवड्याला समोरासमोर होतो. पंधरा दिवसांची फट पडली आणि त्यात एक सभा पावसाने बुडाली की महिना गेलाच. थॅलेसेमियाच्या मुलाला लागणारं रक्त महिनाभर थांबत नाही.

पोलिओचंही तेच. रोटरीने 1985 मध्ये पोलिओप्लसचं, म्हणजे जगातून पोलिओ हटवण्याचं, काम उचललं. आपल्याकडे पल्स पोलिओ 1995 मध्ये सुरू झाला आणि देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला. मधली इतकी वर्षं सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडीसेविका आणि स्वयंसेवक काय करत होते? रविवारी बूथ लावायचा, डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावायची आणि पुढचे दिवस घरोघर फिरायचं. सगळ्या बाळांना डोस मिळालेल्या घरावर खडूने इंग्रजी ‘पी’, कुणी राहिलं असेल तर ‘एक्स’. काम उरायचं ते त्या एक्सच्या घरांचं. बाळ मामाकडे गेलंय, आई कामावर आहे, आजी दार उघडत नाही. तिथे पुन्हा जायचं. देश पोलिओमुक्त झाला तो त्या पुन्हा वाजवलेल्या दारांमुळे, असं मी मनापासून मानते.

पुण्याला तर हे नव्याने सांगायला नको. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा 1870 ची. सार्वजनिक काकांनी (गणेश वासुदेव जोशी) आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी ती चालवली. 1876 च्या दुष्काळात या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, आणि ठेवतच राहिली. रानड्यांनीच 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही या गावात आहे. नेमाने जमायचं, ऐकायचं, बोलायचं आणि मग कामाला लागायचं ही रीत शिकागोहून आयात करायची आपल्याला गरज नव्हती.

आता ठराव मांडणाऱ्यांच्या दोन अडचणी मला पूर्ण मान्य आहेत. पहिली वेळेची. संध्याकाळी सातला हडपसर किंवा वाघोलीहून कर्वे रोडला पोचणं म्हणजे दीड तास, आणि ज्यांच्या घरी दहावीचं मूल किंवा अंथरुणावरची सासू आहे त्यांना ते जमतच नाही. रोटरीत बायकांना 1989 पासून रीतसर प्रवेश मिळाला, पण मीटिंगची वेळ अजून घरी स्वयंपाक न करणाऱ्यांच्या सोयीची आहे, हे मी क्लबातही स्पष्ट बोलले आहे. दुसरी अडचण पैशाची. हॉटेलचा हॉल, बुफे, वर्षाची वर्गणी. नव्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना हे परवडत नाही आणि ती गळतात. ती गळाली तर पुढच्या काळात वेल्ह्याच्या शाळेत डोकावणार कोण?

म्हणून माझा उपठराव असा आहे. मीटिंग दर आठवड्यालाच ठेवा, पण रविवारी सकाळी आठला, एखाद्या शाळेच्या वर्गात, बाकांवर बसून. चहा आणि पोहे. बरोबर एक तास. पहिली पंधरा मिनिटं चालू कामांची खबरबात, प्रत्येक कामाचं नाव घेऊन, तिथे शेवटचं कोण आणि कधी गेलं होतं हे विचारून. मग वक्ता. उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्यात कोण कुठे जाणार ते फळ्यावर लिहायचं. वाचलेले जेवणाचे पैसे वर्गणीतून कमी करा. शाळेच्या वर्गासाठी मी दोन मुख्याध्यापिकांशी बोलले आहे, दोघीही आनंदाने तयार आहेत. जूनच्या क्लब असेंब्लीत, म्हणजे क्लबाच्या कामकाजाच्या सभेत, हे मांडणार आहे. क्लबातल्यांनी त्याआधी मला फोन करून काय पटत नाही ते जरूर सांगा. आणि क्लबाबाहेरच्यांपैकी कुणाला एखाद्या रविवारी येऊन नुसतं बसून बघायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, खुर्ची नाही पण बाक नक्की मिळेल.