घोड्याच्या टापांवरून स्वाराचा मृत्यू ओळखता येत नाही

इंदूरला राहणारे माझे मावसभाऊ, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, इतिहासाचे हौशी पण चांगले वाचक आहेत. त्यामुळे गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जो संदेश पुढे ढकलला, तो पाहून मला जरा जास्तच चीड आली. संदेश बहुतेकांच्या नजरेखालून गेला असेल. अश्वारूढ पुतळ्यातील घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणांगणावर मारला गेला, एकच पाय हवेत असेल तर लढाईतील जखमांमुळे तो नंतर दगावला, आणि चारही पाय जमिनीवर टेकलेले असतील तर त्याला नैसर्गिक मृत्यू आला, असे त्यात ठासून सांगितलेले असते. सोबत राणी लक्ष्मीबाईंच्या पुतळ्याचे छायाचित्र, 'हा आंतरराष्ट्रीय नियम असून जगभरचे शिल्पकार तो पाळतात' अशी ग्वाही, आणि शेवटी 'हे आपल्याला शाळेत कधीच शिकवले नाही' ही ठरलेली खंत. शाळेत शिकवले नाही, कारण ते खरे नाही.

आधी त्या आंतरराष्ट्रीय नियमाचा निकाल लावू. हा नियम कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या संस्थेने तो जाहीर केला, याविषयी संदेशात चकार शब्द नाही, कारण सांगण्यासारखे काही नाहीच. युरोपातील अश्वारूढ शिल्पांची परंपरा ज्या एका प्राचीन पुतळ्याकडे पाहून घडली, त्या रोममधील मार्कस ऑरेलियसच्या घोड्याचा पुढचा उजवा पाय उचललेला आहे, आणि हा सम्राट इसवी सन १८० मध्ये आजाराने वारला. पादुआ येथे दोनातेल्लोने घडवलेला गात्तामेलाता आणि व्हेनिसमध्ये व्हेरोक्कियोने घडवलेला कोल्लेओनी हे दोघेही पैसे घेऊन लढणारे नामांकित सेनापती होते. पहिल्याच्या घोड्याने उचललेला पाय एका गोळ्यावर टेकवलेला आहे, दुसऱ्याच्या घोड्याचा पाय अधांतरी आहे, आणि प्रत्यक्षात दोघांनाही मरण आले ते अंथरुणात. चालत्या घोड्याचा एक पाय उचललेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु त्यासाठी रोम-व्हेनिसपर्यंत जाण्याची गरज नाही. मी बडोद्यात राहतो, आणि या संदेशाचा समाचार घ्यायला आमचा काळा घोडा एकटा पुरेसा आहे. सयाजीबागेजवळ, विश्वामित्रीच्या पुलालगत, महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचा जो ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, त्यावरून त्या चौकालाच काळा घोडा म्हणतात. रिक्षावाल्याला महाराजांचे नाव सांगण्यापेक्षा घोड्याचे सांगितले तर तो लवकर पोहोचवतो. फ्रान्सिस डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचे हे काम असून महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्य महोत्सवानिमित्त, १९०७ मध्ये, ते उभे राहिले. महाराजांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पंचवीस वर्षांचा हिशेब जुळतो. महाराजांचे निधन झाले ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, मुंबईत. म्हणजे पुतळा उभा राहिल्यानंतर ते तब्बल बत्तीस वर्षे जगले. आता संदेशावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, घोड्याचे पाय घडवताना वुडसाहेबांना चाळिशीतल्या, धडधाकट राजाचा मृत्यू कसा होणार हे कोणत्या ज्योतिष्याने कळवले होते? पाय वर असो वा खाली, त्याने काही फरक पडत नाही. पुतळा आधी आणि मृत्यू नंतर, हा क्रमच नियमाला उभा राहू देत नाही. हे म्हणजे बारशाच्या पंगतीतच तेराव्याचे जेवण ठरवण्यासारखे झाले.

मुंबईच्या काळ्या घोड्याचीही हीच कथा. युवराज असताना भारतभेटीवर येऊन गेलेल्या सातव्या एडवर्डचा तो पुतळा बोएम या शिल्पकाराने घडवला, सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. एडवर्ड वारला १९१० मध्ये. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव मात्र मूळ जागेला चिकटून राहिले. जिवंत माणसांचे अश्वारूढ पुतळे उभारण्याची पद्धत जगभर होती, कारण पुतळ्याचा खर्च करणाऱ्याला बहुधा त्या माणसाची मर्जी हवी असते.

दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण संदेशाची सारी भुरळ त्याच चित्रात आहे. अशा घोड्याचा आणि स्वाराच्या मरणाचा संबंध नाही. संबंध आहे तो वजनाचा. काही टन ब्राँझ घोड्याच्या मागच्या दोन बारीक पायांवर तोलून धरायचे, हा ओतकाम करणाऱ्यांपुढचा शतकानुशतकांचा पेच होता. मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी लिओनार्दो दा विंची याने आरंभी असाच उसळलेला घोडा योजला होता, पण ते साधेना म्हणून तो चालत्या घोड्याकडे वळला. पुढे १४९४ मध्ये पुतळ्यासाठी जमवलेले ब्राँझ तोफा ओतण्यासाठी गेले आणि १४९९ मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनी त्याचा मातीचा नमुना नेमबाजीसाठी वापरला. माद्रिदमध्ये पिएत्रो ताक्का याने १६४० मध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा उसळलेला घोडा अखेर उभा केला, आणि त्यात शेपटी जमिनीशी जोडून तिसरा आधार घेतला. गॅलिलिओने त्याला तोलाचा सल्ला दिला होता, असे सांगतात. हा फिलिपही तेव्हा जिवंत होता आणि आणखी पंचवीस वर्षे जगून १६६५ मध्ये वारला. सेंट पीटर्सबर्गमध्ये १७८२ मध्ये उभ्या राहिलेल्या पीटर द ग्रेटच्या घोड्याचे दोन्ही पाय हवेत आहेत. टापेखाली चिरडलेला साप दिसायला शत्रूचे प्रतीक आहे, पण घोड्याच्या शेपटीला आधार देण्याचे कामही तोच करतो. पीटर १७२५ मध्ये मूत्राशयाच्या विकाराने गेला. वॉशिंग्टनमध्ये क्लार्क मिल्सने १८५३ मध्ये अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचा घोडा शेपटीच्या आधाराशिवाय, केवळ मागच्या दोन पायांवर तोलून दाखवला, आणि जॅक्सन १८४५ मध्ये टेनेसीतल्या स्वतःच्या घरी वारला होता.

आपल्याकडे चौकाचौकांत अलीकडे जे उसळलेले घोडे दिसतात, त्यांचे कारण तर याहून साधे आहे. फायबरचा पुतळा हलका असतो, आत लोखंडी सांगाडा घातला की घोडा हवा तसा उभा राहतो, आणि वर्गणी देणाऱ्या मंडळींना आवेश हवा असतो.

आणि इथेच हा संदेश निरुपद्रवी करमणूक राहत नाही. आमच्या भागातील एका मंडळाच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात माझ्या भाचीच्या मुलाने, जो सातवीत शिकतो, भाषणात सांगितले की छत्रपती शिवाजी महाराज रणांगणावर धारातीर्थी पडले. व्यासपीठावर मागे लावलेल्या फलकावर उसळलेल्या घोड्यावरील महाराजांचे चित्र होते, घरातल्या मोबाइलवर अण्णांचा संदेश होता, आणि मुलाने दोन्हींची बेरीज केली. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या ज्येष्ठांपैकी एकानेही उठून सांगितले नाही की महाराज ३ एप्रिल १६८० रोजी, अल्पशा आजारानंतर, रायगडावर गेले. जन्मतिथीवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणाऱ्या आपल्या समाजाला महाराजांचा मृत्यू एका फॉरवर्डवरून बदलला तरी चालतो, याला काय म्हणावे?

मराठी इतिहासाला हा नियम लावून पाहिला की त्याची आणखी दैना होते. थोरले बाजीराव आयुष्यभर घोड्यावर राहिले, त्यांची चित्रे आणि पुतळे आवेशाचेच असतात, आणि ते २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने गेले. अण्णा स्वतः त्यांच्या समाधीवर फुले वाहून आलेले आहेत, त्यांना तरी हा संदेश पाठवताना ते आठवायला हवे होते. छत्रपती संभाजी महाराजांना मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने कैदेत हालहाल करून मारले. त्यांच्या घोड्याने कोणता पाय उचलायचा, याला नियमात कलमच नाही. रणांगण नाही, लढाईतील जखम नाही आणि नैसर्गिक मृत्यू तर नाहीच नाही. ज्या नियमात मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत भीषण मृत्यू बसत नाही, तो नियम मराठी घरांत इतक्या कौतुकाने फिरावा, हे मला तरी सहन होत नाही.

ज्या राणी लक्ष्मीबाईंचे छायाचित्र पुरावा म्हणून जोडलेले असते, त्यांच्या बाबतीतही नियम धड लागत नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे त्या लढल्या हे निर्विवाद आहे. पण ग्वाल्हेरमध्ये आजही सांगितली जाणारी कथा अशी की, जखमी अवस्थेत त्यांना बाबा गंगादासांच्या मठात आणले गेले आणि तिथे त्यांनी देह ठेवला. ही कथा मानली तर संदेशाच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे घोड्याचा एकच पाय वर हवा. पुतळे घडवणाऱ्यांनी अर्थातच असला हिशेब केलेला नाही, त्यांनी राणीचे शौर्य दाखवले आहे.

चारही पाय जमिनीवर असलेल्या पुतळ्यांबाबत फार लिहीत नाही. बहुतेक माणसे, सेनापतीसुद्धा, आजाराने किंवा वार्धक्यानेच जातात, त्यामुळे ते कलम बऱ्याच ठिकाणी आपोआप खरे ठरते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आरमाराचे काय, हेही कोणी विचारत नाही; ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत २१ ऑक्टोबर १८०५ रोजी गोळी लागून मेलेला इंग्रज नौसेनापती नेल्सन लंडनमध्ये उंच खांबावर घोड्याविना उभा आहे.

'अपवाद असतातच' असे उत्तर अण्णांकडून आले आहे. अपवाद मोजायला आधी नियम लागतो, आणि तो जगात फार तर एका ठिकाणी दाखवता येतो, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या दिवसांत यादवी युद्धातील मोठी लढाई झाली, आणि त्या रणभूमीवरील अश्वारूढ पुतळे बऱ्याच अंशी या संकेताशी जुळतात: तिथे लढलेल्या सेनापतींपैकी पहिल्याच दिवशी मारल्या गेलेल्या रेनॉल्ड्सच्या घोड्याचे दोन पाय वर आहेत, जखमी झालेल्या हॅन्कॉकच्या घोड्याचा एक, आणि सुखरूप राहिलेल्या मीडच्या घोड्याचे चारही पाय खाली. तेथे फिरणाऱ्यांना ही गंमत सांगितली जाते आणि संदेशाचे मूळ बहुधा तिथेच आहे. पण १९९८ मध्ये त्याच मैदानावर लाँगस्ट्रीट या आणखी एका सेनापतीचा पुतळा आला, त्याच्या घोड्याचा एक पाय उचललेला आहे, आणि त्या लढाईत त्याला खरचटलेही नव्हते. तो जखमी झाला पुढच्या वर्षी, दुसऱ्या लढाईत. शिवाय गेटिसबर्गची गंमत फक्त त्या तीन दिवसांत कोणाला काय झाले एवढेच सांगते, कोण कसा मेला हे नव्हे. हॅन्कॉक त्या जखमेतून वाचला, १८८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून थोडक्यात हरला आणि १८८६ मध्ये वारला. आमच्या गटावरील संदेशाप्रमाणे मात्र तो गेटिसबर्गच्या जखमेनेच मेलेला आहे.