कागद सरकारचाच हाय की

आज सकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका मुलाबद्दल लिहिलं. ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, चांगला रँक, पहिल्याच फेरीत आयआयटीत नाव लागलं आणि कागदपत्रांच्या तपासणीत जागा गेली. त्याखाली आमच्याच बॅचमधल्या एकाने लिहिलं, "साधे नियम वाचता येत नाहीत, त्यांना आयआयटी कशाला हवी?" सात जणांनी त्याला लाईक दिलं. मी मोजले.

दिवसभर बँकेत काउंटरवर बसले होते, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ग्रुपवर भांडले नाही. तिथे भांडून पुढच्या गेट-टुगेदरला तोंड चुकवत बसायचं मला जमत नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, सांगून ठेवते.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, दाजींची शेती, ताई अंगणवाडीत. पोरगी दहावीपर्यंत गावात शिकली, मग लातूरला खोली करून अकरावी-बारावी. 2023 च्या जूनमध्ये अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला तेव्हा ताईने फोनवर नुसतं रडून घेतलं, काय ते कळायला मला दोन मिनिटं लागली. पहिल्या फेरीत एका आयआयटीत तिचं नाव आलं, ओबीसीच्या जागेवर. आमच्या घराण्यात पहिलंच.

मग तपासणी. संगणकावर एक शंका येऊन पडली की नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात आपण मोडत नाही असं सांगणारा कागद, केंद्राच्या विहित नमुन्यात नाही आणि चालू वर्षाच्या 1 एप्रिलनंतरचा नाही. उत्तर द्यायला मोजके दिवस, त्यात शनिवार-रविवार.

दाखला होता हो. खरा होता, शिक्क्याचा, सहीचा. फेब्रुवारीत काढलेला, कारण राज्याच्या सीईटीसाठी लागतो म्हणून सगळ्यांनीच तेव्हा काढला. त्याच्यावर मुदतसुद्धा छापलेली, मार्च 2024 च्याही पुढची. मे महिन्यात अर्जाला तो जोडला तेव्हा कुणी अडवलं नाही. अपलोड झाला, हिरवी खूण आली. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं काम.

दाजी मला फोनवर म्हणाले, "अवं, कागद सरकारचाच हाय की. मग सरकारलाच कसा चालंना?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्या ना. सात लाईकवाल्यांपैकी कुणीही द्या.

उत्तर असं की सरकारं दोन आहेत आणि दोघांच्या याद्या वेगळ्या. आम्ही वंजारी. राज्यात आम्ही एनटी-डी, म्हणजे भटक्या जमातींचा एक गट. केंद्राच्या यादीत एनटी-डी नावाचा प्रकारच नाही, तिथे आम्ही ओबीसी. धनगरांचं तेच, राज्यात एनटी-सी, केंद्रात ओबीसी. मराठा समाजाला 2024 च्या कायद्याने राज्यात एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागासांचं, 10 टक्के आरक्षण आहे, पण आयआयटीत तो दाखला चालत नाही, तिथे निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बलांचा गट, आणि त्याचा दाखला पुन्हा केंद्राच्या नमुन्यातला आणि 1 एप्रिलनंतरचा. राज्याच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याच्यासाठी पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोधत लोक गावोगाव हिंडतात. आयआयटीला ते लागतच नाही. म्हणजे जो सगळ्यात अवघड कागद, जो आम्ही जिवापाड सांभाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, त्याला तिथे किंमत शून्य. आणि जो दाखला एका पानाचा, तो चुकीच्या महिन्यातला.

हे "साधं" आहे?

दरवर्षी नवा दाखला मागण्यात अर्थ आहे, हे मान्य करते. उत्पन्न बदलतं, आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, आणि सधन माणसाने गरिबाची जागा खाऊ नये. बरं. एवढं मान्य.

पण तो नियम सांगायचा कुणी आणि कधी? शनिवारी कचेरी बंद. सोमवारी दाजी उजाडायच्या आत एसटीने तालुक्याला. सेतू केंद्रातल्या पोराला केंद्राचा नमुना म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो म्हणाला, नॉन-क्रिमीलेअर आहे ना तुमच्याकडे, मग पुन्हा कशाला? भाचीने लातूरहून फोनवर नमुन्याचा फोटो पाठवला, तो इंग्रजीत. त्याची प्रिंट घेऊन प्रांत कार्यालयात गेले तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रांगेत त्यांच्यासोबत एक प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी तर मुलासाठी ह्या दाखल्याचा अर्जच केला नव्हता कधी, कारण उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आणि पगार त्याच्या वर. त्यांच्यासारख्या शिक्षकाचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या 8 लाखांत धरत नाहीत, हे त्यांना त्या रांगेत कळलं. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता.

सही मिळाली, मुदत संपल्यानंतरच्या दुपारी.

पोरगी ओपनच्या यादीत गेली आणि तिथे तिचा रँक पुरला नाही. दाजी दोन दिवस शेतात गेले नाहीत. ताई सांगत होती, दोन्ही दाखले पलंगावर शेजारी शेजारी ठेवून नुसते बघत बसले होते. नाव तेच, जात तीच, उत्पन्न तेच.

आता मला कुणी म्हणेल की माहितीपुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं. असतं. मी नंतर ती अख्खी वाचली, बँकेतल्या नोकरीमुळे मला परिपत्रकं वाचायची सवय आहे, तरी मला दोन रात्री लागल्या. अ‍ॅडव्हान्स्डच्या आधीची परीक्षा जेईई मेन, तिचा पेपर 2021 पासून मराठीत मिळतो, चांगली गोष्ट. अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत. पण नियम वाचायचे असतात आई-बापांनी, कारण पोरं तेव्हा रसायनशास्त्रात बुडालेली असतात. त्या आई-बापांसाठी मराठीत काय आहे?

आणि शहरातल्यांना सगळं कळतं असंही नाही. आमच्याच शाखेतल्या साहेबांनी मुलाला क्लाससाठी राजस्थानात कोटा शहरात ठेवला, बारावीही तिकडूनच दिली. मग एनआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या दुसऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या, प्रवेशाच्या वेळी कळलं की होम स्टेट म्हणजे तुम्ही राहता ते राज्य नाही, जिथून बारावी पास झालात ते राज्य. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या. म्हणजे पुण्यात जन्मलेला, पुण्यातच घर असलेला मुलगा नागपूरच्या एनआयटीसाठी, म्हणजे व्हीएनआयटीसाठी, बाहेरचा ठरला. डोमिसाईल दाखवून काही होत नाही. साहेबांना धक्का बसला, पण त्यांच्याकडे पैसे होते, खाजगी विद्यापीठात घातला. त्यांना कुणी "वाचता येत नाही का" असं विचारलं नाही. हा फरक मला बोचतो. साहेबांचं चुकलं की दुर्दैव, दाजींचं चुकलं की अडाणीपणा.

शिवाय नियम तरी जागेवर राहतात का? 5 नोव्हेंबर 2024 ला जाहीर झालं की अ‍ॅडव्हान्स्ड तीनदा देता येईल. मुलांनी कॉलेजं सोडली, पुन्हा अभ्यासाला बसली. 18 नोव्हेंबरला ते मागे घेतलं, पुन्हा दोनदाच. त्या तेरा दिवसांत ज्यांनी कॉलेज सोडलं त्यांना जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे त्यांना परवानगी मिळाली. त्या मुलांनी नियम वाचला होता बरं का! वाचला म्हणूनच अडकली.

चिडून लिहितेय, माहितीय. जरा पाणी पिऊन आले.

खरं सांगू, राग माझ्यावरही आहे. मी पुण्यात, बँकेत, रोज लोकांचे केवायसीचे कागद तपासणारी. कागदावरची तारीख बघणं हेच माझं काम. आणि मी भाचीला एकदाही म्हटलं नाही की बाळा, ते दाखले मला व्हॉट्सअ‍ॅप कर, मी बघते. पेढ्यांचे पैसे मात्र लगेच पाठवले. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, तिला सरकारी कॉलेज मिळालं, तिथे तोच फेब्रुवारीचा दाखला बिनबोभाट चालला. छान चाललंय तिचं. पण दाजी अजून एखाद्या लग्नात कुणी विचारलं, "पोरीचं आयआयटीचं काय झालं हो?" तर म्हणतात, "कागदात राहिलं." एवढंच.

माझं मागणं फार मोठं नाही. अकरावीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक ज्युनियर कॉलेजने एक कागद मराठीत छापून पालकांच्या हातात द्यावा. त्यात लिहा की आयआयटी-एनआयटीला बारावीला 75 टक्के लागतात, एससी-एसटी आणि दिव्यांगांना 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये यावं लागतं. लिहा की ते टक्के सहाच्या सहा विषयांचे नाहीत, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच धरतात, म्हणून मराठी-इंग्रजीकडे पाठ फिरवू नका. लिहा की मेनमधून वरचे अडीच लाखच अ‍ॅडव्हान्स्डला बसू शकतात, तेही लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. बारावी कुठून देताय त्यावर होम स्टेट ठरतं हेही लिहा. आणि ठळक अक्षरांत लिहा की एप्रिल उजाडला की आधी प्रांत कार्यालय, केंद्राचा नमुना सोबत घेऊन, मग बाकी सगळं. तोवर दाखला हातात आला नाही तर अर्जाच्या वेळी हमीपत्र देता येतं, पण तपासणीला दाखला लागतोच. सेतू केंद्राच्या भिंतीवर दोन्ही नमुने शेजारी शेजारी लावा. ह्याला खर्च किती येतो? एका झेरॉक्सचा.

कॉलेजं म्हणतील आमचं काम शिकवायचं. असेल. पण निकालाच्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो लावताना ते काम तुमचंच असतं ना?

संध्याकाळी भाचीला फोन केला आणि ग्रुपवरचं ते वाक्य वाचून दाखवलं. वाटलं होतं चिडेल. ती त्या वाक्याबद्दल काही बोललीच नाही. म्हणाली, "मावशी, त्या मुलाचा नंबर मिळेल का? त्याला सांग, घाबरून प्रक्रियेतून बाहेर पडू नको. ओपनच्या यादीत रँक असेल तर उरलेल्या फेऱ्यांत नाव लागू शकतं. आणि राज्याच्या कॅपची नोंदणी चुकवू नको म्हणावं, तिथे त्याचा दाखला चालेल. मी बोलते त्याच्याशी. त्याच्या बाबांशी पण बोलते."

मी ग्रुपवर नंबर मागितलाय, अजून कुणी दिला नाही. इथे त्या ग्रुपमधले बरेच जण आहेत. कुणाकडे असेल तर आज रात्रीच मला मेसेंजरवर पाठवा. उशीर झाला असेल तरी चालेल, मी जागी आहे.