पोटरीचा थर्मामीटर

माझ्या मोटरसायकलला ऑइलचं तापमान दाखवणारा काटा नाही. बनवणाऱ्यांनी त्या कामी माझी उजवी पोटरी गृहीत धरलेली दिसते. ऊब लागली तर ठीक. पाय आपोआप बाहेर जायला लागला की समजायचं, आत चांगलंच शिजतंय.

गाडी एअर-कूल्ड. म्हणजे इंजिन गार करायचं काम वाऱ्याचं आणि वारा आणायचं काम गाडीचं. करार चोख आहे, पण कुणीतरी आधी हलायला हवं ना! पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. गर्दीत तर चाकाचा वाटाही नाममात्र. उरलेलं सगळं पोटरीच्या नावे.

खरा घोळ मात्र हाफ क्लचचा, म्हणजे क्लच अर्धवट दाबून गाडी सरकवण्याचा. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर नांदतात. इंचाइंचाने सरकताना क्लचप्लेटा एकमेकींवर घासतात, त्यांचा संताप ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल तो घरभर पोचवतं. मग गिअरबॉक्स रुसतो. न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. न्यूट्रलचा हिरवा दिवा मधेच डोळा मारून विझतो.

तसं 100 अंशांना घाबरायचं कारण नाही. ऑइलच्या डब्यावरच्या 20डब्ल्यू-50 मधला 50 ठरतोच मुळी 100 अंशांना ऑइल किती दाट राहतं त्यावरून. तापमान त्याच्या फार वर गेलं की मात्र ऑइल भराभर म्हातारं होतं. ठोकताळा असा, की दर 10 अंशांमागे ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट. (हे सगळं मला सिग्नलला उभं असतानाच आठवतं, हे वेगळं.)

लिक्विड-कूल्डवाल्या मित्राचा तोरा असतो की त्याला काटा आहे. आहे, पण कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. ऑइलची खबर त्यालाही नाही. शिवाय 100 अंशांच्या आसपास त्याचा पंखा सुरू होतो आणि सगळी गरम हवा त्याच्याच गुडघ्यांवर सोडतो. काही मोठ्या व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) गाड्या थांबल्या की मागचा सिलिंडर आपणहून बंद करतात. ज्या इंजिनिअरला हे सुचलं, त्याची मांडी नक्की भाजलेली असणार.

लांबचा खोळंबा असला तर इंजिन बंद करावं, हे मान्य. पण मी किल स्विच दाबला की रांग हलते आणि सुरू केली की थांबते. म्हणून हल्ली पुढे जागा साठू देतो आणि मग क्लच पूर्ण सोडून एकदम जातो. शास्त्र बिनतोड, पण मागच्या हॉर्नना ते पटत नाही. त्यातून जागा साठते न साठते तोच डावीकडून एक स्कूटर घुसते. तिच्या इंजिनला स्वतःचा पंखा, उभ्या उभ्या गार होणारी! क्लच दाबायला नको, न्यूट्रल शोधायला नको. वरून स्वार मान वळवून माझ्या फाकलेल्या पायाकडे बघतो आणि विचारतो, "तापली का हो?"