ऑर्कचा देव नंतर, आधी त्याचं वय विचारा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठका चालणारी कथा, लिहायला बसलं की ऑर्क-गॉब्लिन या राक्षसी जमातींची संस्कृती म्हणून बरेच डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) काय करतात, रक्ताला चटावलेला एक देव, एक आडदांड सरदार, थोड्या कवट्या, ढोल, झालं. मला याचा खरंच त्रास होतो. त्याहून जास्त त्रास होतो तो कुठल्यातरी खऱ्या आदिवासींच्या चालीरीती उचलून वर हिरवा रंग फासतात तेव्हा, कारण मग "हे जन्मतःच दुष्ट" हा शिक्का खऱ्या माणसांना जाऊन चिकटतो. या खेळाच्या १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकात ऑर्कपुढे सरळ लॉफुल इव्हिल (शिस्तीतले पण दुष्ट) छापलं होतं, ती सवय अजून जात नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात शरीरापासून करा. खेळाच्या पाचव्या एडिशनच्या व्होलोज गाइड या पुस्तकात (२०१६) ऑर्क १२व्या वर्षी मोठा होतो आणि फार तर ५० वर्षं जगतो. एल्फ ही दुसरी जमात, ती साडेसातशे. आता धरा की दोघांत जंगलाच्या हद्दीचा करार होऊन शंभर वर्षं झालीत. सही करणारा एल्फ अजून तिथेच बसलाय, त्याला ती कालची गोष्ट. इकडे सही करणाऱ्या ऑर्कचा नातूसुद्धा म्हातारा होऊन गेला, करार फक्त गाण्यात उरलाय, आणि गाण्यात हद्द ओढ्याला नाही तर पलीकडच्या टेकडीला आहे. कुणीच खोटं बोलत नाहीये, तरी भाले निघणार!

गॉब्लिनचं पण तसंच. अंधारात दिसतं पण रंग कळत नाहीत, नुसत्या करड्या छटा, हे नियमातच आहे. म्हणून माझ्या गॉब्लिनांकडे रंगीत झेंडे नाहीत, सगळं बोटांनी वाचायचं. एका सेशनला पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) गुहेत शिरली तर कोपऱ्यात एक म्हातारी दोरीच्या गाठी चाचपत बसलेली, फायटर (लढवय्या पात्र) तलवार उपसून समोर उभा तरी तिचे हात थांबेनात. रोग (Rogue, चोरटं पात्र) खेळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, काय मोजतेय ही? म्हटलं, यंदा जन्मलेली पोरं, सैल सोडलेली गाठ म्हणजे गेलेलं पोर. पुढचा दीड तास फाशाला कुणी हात लावला नाही, सगळे ती दोरी वाचायला शिकत बसले.

हे जुनंच आहे म्हणा. रूनक्वेस्ट या अशाच दुसऱ्या खेळाच्या ट्रोलपॅक या ट्रोलांवरच्या संचाने १९८२ मध्येच ट्रोलांना शापामुळे खुरटी पोरं जन्माला येतात असं ठरवलं आणि आईचा मान, त्या पोरांशी वागणं सगळं त्या दुःखातून बांधत नेलं. मला आजही त्याच्या तोडीचं फार कमी सापडतं.

"मग मारायचं कोणाला" असं विचारतात. अहो लढा की, पण ते धान्य लुटायला का आलेत हे डीएमला माहीत असू द्या.

सध्या मी कोबोल्ड या सरड्यासारख्या बुटक्या जमातीवर अडकलेय. ६व्या वर्षी मोठे, मग १२० वर्षांपर्यंत जगणार, आणि उन्हात धड दिसत नाही. एवढ्या लांब आयुष्यात लहानपण सहाच वर्षांचं, मग त्या सहा वर्षांत ते पोरांना काय काय करू देत असतील, कुठली कामं अजिबात सांगत नसतील? तेच लिहितेय, झालं की टाकते इथे.