वहीत नाव कुणाचं?

२०२५ च्या नोव्हेंबरात, २१ तारखेला, जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. मामेभाऊ टॉवेलचा कारखानदार. त्याचं म्हणणं, "सोलापूरच्या गिरण्या संपांनीच खाल्ल्या. तू जर्मनीत बसून लाल बावटा नाचवू नको."

त्याला आधी सोलापूरच्या जुन्या मिलची आठवण करून दिली. १८७७ ची ती मिल १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा सरकारनं कारण दिलं गैरव्यवस्थापनाचं. १९५० मध्ये वटहुकूम काढून ताबा घ्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सगळं खापर संपांवर फोडू नये.

जर्मनीचं म्हणाल, तर इथं संपाला आपल्यापेक्षा जास्त वेसण आहे. संप युनियननंच पुकारायचा, तोही करारासाठी. सरकारी धोरणाविरुद्ध 'बंद' चालत नाही. मात्र पाच कायम कामगार असले की त्यांना आपली कामगार परिषद निवडता येते, आणि जादा तास लावायला मालकाला तिची संमती लागते. (आमच्या छोट्या कंपनीत अशी परिषद नाही. कुणी पुढाकारच घेतला नाही, मीसुद्धा नाही.)

आपल्याकडे ग्रुपवर वाद झाला तो तीनशेच्या आकड्यावर. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभरापासून लागायची, आता तीनशेपासून. पण सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग शेडमध्ये तीनशे सोडा, एका हजेरीपटावर वीस नावं तरी सापडतात का? १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांवर 'कारखाना' ठरायचा. संहितेत वीस लागतात.

माझ्या मावशीनं चाळीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या. मांडीवर सूप, आणि संध्याकाळी कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघेल याची धाकधूक. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचा पीएफही मान्य केला. आज तिला किरकोळ का होईना पेन्शन येते, ती कुठल्यातरी वहीत तिचं नाव होतं म्हणून. तो १९६६ चा कायदा आता संहितेत विरघळलाय.

मामेभावाला विचारलं, तुझ्या टॉवेलांच्या कडा शिवायला गठ्ठे घरोघरी जातात, त्या बायांची नावं कुठल्या वहीत आहेत?

तो म्हणाला, "नाव घातलं की पीएफ आला. मग टॉवेलचा रेट कोण वाढवून देणार, तुझे जर्मन?"

त्याचे निम्मे टॉवेल इकडंच येतात. मीही तेच वापरतो, सेलमध्ये घेतलेले.